आव्हिन्योंचा जुलै : एक शहर, दोन नाट्यमहोत्सव आणि तोट्याचा प्रश्न

दक्षिण फ्रान्समध्ये रोन नदीच्या डाव्या तीरावर आव्हिन्यों नावाचे शहर आहे. वस्ती सुमारे ९० हजार. त्यांपैकी जुन्या तटबंदीच्या आत राहणारे जेमतेम १५ हजारांच्या आसपास. दर वर्षी जुलै महिन्यात मात्र याच तटबंदीच्या आत जगातल्या सर्वांत मोठ्या नाट्यमेळ्यांपैकी एक भरतो. बातम्यांमध्ये त्याचा उल्लेख ‘आव्हिन्यों महोत्सव’ असा एकवचनी होतो आणि वाचकाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण त्या तीन आठवड्यांत शहरात एक नव्हे, दोन महोत्सव चालू असतात. एकाला ‘इन’ म्हणतात, दुसऱ्याला ‘ऑफ’. ‘इन’मध्ये चाळीसच्या आसपास निर्मिती असतात आणि त्या महोत्सवाच्या संचालकाने निवडलेल्या असतात. ‘ऑफ’मध्ये अलीकडच्या वर्षांत दीड हजारांहून अधिक निर्मिती होतात आणि त्यांची निवड कोणतीही मध्यवर्ती समिती करत नाही. दोहोंचे कार्यालय वेगळे, छापील कार्यक्रमपत्रिका वेगळी, तिकिटे वेगळी आणि पैशाचा हिशेब तर अगदीच वेगळा.

हा सारा पसारा समजून घेण्यासाठी एक साधा प्रश्न हाताशी ठेवावा : नाटक पडले तर तोटा कोणाचा? ‘इन’ आणि ‘ऑफ’ यांच्यातला खरा फरक दर्जाचा नाही, प्रायोगिक आणि लोकप्रिय असाही नाही. तो या प्रश्नाच्या उत्तरात आहे. इतिहासातले चढउतार, संप, वाद, इतकेच काय पण रस्त्यात कोणीतरी हातात कोंबलेले पत्रकसुद्धा त्या उत्तराच्या आधारे उलगडत जाते.

आधी शहराविषयी थोडे, कारण हा महोत्सव दुसऱ्या कुठल्या शहरात याच रूपात उभा राहिला नसता. १३०९ मध्ये पोप पाचवे क्लेमेंट रोमऐवजी आव्हिन्योंला येऊन राहिले आणि पुढची जवळजवळ सत्तर वर्षे, १३७७ पर्यंत, कॅथलिक धर्मसत्तेचे केंद्र इथेच राहिले. बारावे बेनेडिक्ट आणि सहावे क्लेमेंट या दोन पोपांनी मिळून जो प्रासाद बांधला तो युरोपातल्या सर्वांत मोठ्या गॉथिक वास्तूंपैकी एक मानला जातो. सहाव्या क्लेमेंटने तर १३४८ मध्ये नेपल्सच्या राणीकडून सबंध शहरच ८० हजार फ्लोरिन मोजून विकत घेतले. पोप रोमला परतल्यावरही आव्हिन्यों त्यांच्याच मालकीचे राहिले. ते फ्रान्समध्ये सामील झाले ते थेट राज्यक्रांतीच्या काळात, १७९१ मध्ये. त्यानंतर एकोणिसाव्या शतकात या प्रासादाची लष्करी बराक झाली आणि १९०६ मध्ये सैन्य बाहेर पडले तेव्हा मागे उरले ते उंच दगडी भिंतींचे, आतून जवळजवळ ओकेबोके असे एक अवाढव्य कवच. त्याच्या पोटात एक मोठा चौक आहे. फ्रेंचमध्ये त्याला ‘कूर दोनर’ म्हणतात. आपण मानाचा चौक म्हणू. १९९५ मध्ये हा प्रासाद आणि त्याच्या भोवतालचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, पण रंगभूमीच्या इतिहासात त्याची नोंद त्याआधी अर्धे शतक झालेली होती.

१९४७ मध्ये कलासमीक्षक क्रिस्तियाँ झर्वोस आणि कवी रने शार हे या प्रासादाच्या प्रार्थनामंदिरात आधुनिक चित्रांचे प्रदर्शन भरवत होते. प्रदर्शनाला जोड म्हणून एक नाटक व्हावे, असे त्यांना वाटले आणि त्यांनी ज्याँ व्हिलार या पॅरिसमधल्या नट-दिग्दर्शकाला विचारले. टी. एस. एलियटच्या नाटकाचा जो प्रयोग व्हिलारने पॅरिसमध्ये गाजवला होता, तोच त्यांना चौकात हवा होता. व्हिलारने आधी नकार दिला. चौक फार मोठा आहे, त्याला धड आकार नाही, असे त्याचे म्हणणे होते. थोड्या दिवसांनी तोच उलट प्रस्ताव घेऊन आला : गाजलेले एक नाटक नको, तीन नवी नाटके करू. शेक्सपिअरचे ‘दुसरा रिचर्ड’, जे तोवर फ्रान्समध्ये फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पोल क्लोदेलचे तोबी आणि सारा यांच्या कथेवरचे नाटक. आणि मॉरिस क्लाव्हेल या तरुण लेखकाचे नवे नाटक. महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांच्या खुणा शहरात ताज्या होत्या. तरीही महापौर जॉर्ज पाँस यांनी नगरपालिकेचे बळ मागे उभे केले आणि चौकातला रंगमंच उभारायला लष्कराच्या अभियांत्रिकी तुकडीचे जवान आले. सप्टेंबरच्या त्या ‘कलासप्ताहा’ला सुमारे ४,८०० प्रेक्षक आले, त्यांपैकी तिकीट काढून आलेले २,९०० होते. आजच्या मापाने आकडा लहान आहे, पण एवढ्यावरच पुढच्या वर्षी महोत्सव जुलैमध्ये हलला आणि कायमचा झाला.

व्हिलारच्या या धाडसामागे त्या काळच्या फ्रान्समधला एक मोठा विचार होता. फ्रेंच रंगभूमी म्हणजे पॅरिस, असे समीकरण पक्के झालेले होते. नाटक पॅरिसमध्ये घडायचे आणि बाकीच्या गावांत फार तर त्याचा दौरा यायचा. युद्धानंतर शिक्षण मंत्रालयातल्या जान लोराँ या अधिकारी बाईंनी हे समीकरण मोडायला घेतले. कोल्मार, सेंत-एत्येन अशा पॅरिसपासून दूरच्या शहरांत सरकारी मदतीने कायमस्वरूपी नाट्यकेंद्रे त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली आणि १९५१ मध्ये व्हिलारला पॅरिसमधल्या राष्ट्रीय लोकनाट्यगृहाच्या प्रमुखपदी नेमण्यातही त्यांचाच हात होता. व्हिलारची भूमिका अशी होती की पाणी, वीज आणि स्वयंपाकाचा गॅस जशा सार्वजनिक सेवा आहेत तशीच रंगभूमीही आहे. हे वाक्य पुढे इतके वापरले गेले की त्याची धार बोथट झाली आहे. त्याचा आर्थिक अर्थ मात्र नीट पाहण्यासारखा आहे : सेवा सार्वजनिक असेल तर तिचा खर्च केवळ तिकीटबारीवर वसूल व्हावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही आणि तोटा झाला तर तो समाजाने मिळून सोसायचा असतो. ‘इन’चे आजचे सगळे अर्थकारण या एका कल्पनेवर उभे आहे.

चौकानेही व्हिलारला एक शैली शिकवली. एवढ्या उंच भिंतीपुढे रंगवलेले पडदे आणि लाकडी नेपथ्य हास्यास्पद दिसले असते, म्हणून त्याने ते टाकून दिले. उघडा मंच, ठळक रंगांचे पोशाख, प्रकाशयोजना आणि नटाचा आवाज, एवढ्यावरच प्रयोग उभा करायचा. त्यात रोनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येणारा ‘मिस्त्राल’ नावाचा वारा सुटला की पोशाख फडफडतात, आवाज उडून जातो आणि जुलैतसुद्धा प्रेक्षक शाली पांघरून बसतात. १९५१ मध्ये चित्रपटांतून कीर्तीच्या शिखरावर असलेला जेरार फिलिप हा नट व्हिलारकडे आला आणि त्याच उन्हाळ्यात चौकात ‘ल सिद’ व ‘होम्बुर्गचा राजपुत्र’ या नाटकांत उभा राहिला. एवढ्या मोठ्या ताऱ्याने नाटकमंडळीतल्या इतरांच्या बरोबरीने काम करावे, ही गोष्ट लोकांच्या मनात घर करून राहिली. मॉरिस जार या तरुण संगीतकाराने त्या काळात रचलेली तुतारीची धून आजही चौकातला प्रयोग सुरू होण्यापूर्वी वाजते. हाच जार पुढे हॉलिवूडच्या चित्रपटांना संगीत देऊन जगभर पोचला. १९५५ पासून देशोदेशीच्या तरुणांना शाळांमध्ये उतरवून, नाटके दाखवून त्यांवर चर्चा घडवण्याची प्रथाही सुरू झाली. महोत्सवाचा प्रेक्षक निव्वळ तिकीट काढणारा न राहता वाद घालणारा झाला, त्याचे बरेचसे श्रेय या प्रथेला द्यावे लागेल.

पहिली जवळजवळ वीस वर्षे महोत्सव म्हणजे एक माणूस, एक मंडळी आणि एक चौक असाच होता. १९६६ मध्ये व्हिलारने स्वतःच तो फोडला. मॉरिस बेजार यांच्या नृत्यसंस्थेला त्याने चौकात आणले. दुसऱ्या वर्षी एका जुन्या मठाचे अंगण नवे नाट्यस्थळ म्हणून उघडले आणि ज्याँ-लुक गोदारचा नवा चित्रपट चौकातल्या पडद्यावर दाखवला. त्याच १९६६ च्या उन्हाळ्यात आव्हिन्योंमध्येच लहानसे नाट्यगृह चालवणारे कवी आणि नाटककार आंद्रे बेनेदेत्तो यांनी आपल्या जागेत, महोत्सवाच्या यादीबाहेर राहून स्वतःच्या नाटकाचे प्रयोग लावले. त्यासाठी त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही आणि कोणाकडून अनुदानही घेतले नाही. आज आपण ज्याला ‘ऑफ’ म्हणतो त्याची ही सुरुवात. पुढच्या वर्षांत इतर मंडळींनी तोच मार्ग धरला.

मग १९६८ आले. मे महिन्यातल्या विद्यार्थी आणि कामगारांच्या उठावानंतर फ्रान्समधल्या अनेक नाट्यसंस्थांचे प्रयोग होऊ शकले नाहीत. महोत्सवात मुख्यतः बेजारची नृत्यसंस्था आणि अमेरिकेतून बाहेर पडून युरोपात हिंडणारे ‘लिव्हिंग थिएटर’ एवढेच उरले. लिव्हिंग थिएटरला प्रेक्षक आणि नट यांच्यातली रेघ पुसायची होती, प्रयोग रस्त्यावर न्यायचा होता, तोही फुकट. नगरपालिका घाबरली, निदर्शने झाली आणि अखेर त्या मंडळींनी महोत्सव सोडला. ज्याने आयुष्यभर सामान्य माणसासाठी नाटक करायचे ठरवले त्या व्हिलारला त्याच उन्हाळ्यात पोर्तुगालच्या हुकूमशहाच्या पंक्तीला बसवणाऱ्या घोषणा ऐकाव्या लागल्या. ‘व्हिलार, बेजार, सालाझार’ ही ती घोषणा. फ्रेंचमध्ये तिचे यमक जुळते आणि घोषणांना बहुधा तेवढे पुरते. व्हिलार १९७१ मध्ये वारला, तोपर्यंत महोत्सव त्याच्याच हाती होता. पण ‘एकाच महोत्सवात सगळी रंगभूमी मावते’ हा समज १९६८ मध्येच संपला होता.

आता ‘ऑफ’चे यंत्र कसे चालते ते सविस्तर पाहू, कारण बाहेरच्या माणसाला तेच सर्वांत कमी कळते. जुलैत आव्हिन्योंमध्ये शंभरावर ठिकाणांची नाट्यगृहे होतात. त्यांतली काही वर्षभर चालणारी खरी नाट्यगृहे असतात; बाकीच्या एरवी शाळा असतात, गोदामे असतात, जुनी प्रार्थनामंदिरे, हॉटेलांची तळघरे किंवा वाहनतळही असतात. जागेचा मालक दिवसाचे तुकडे पाडतो. सकाळी दहापासून रात्री उशिरापर्यंत दीड-दोन तासांचा एकेक तुकडा, आणि प्रत्येक तुकडा एका मंडळीला तीन आठवड्यांसाठी भाड्याने द्यायचा. म्हणजे एकाच मंचावर दिवसभरात सहा-सात वेगवेगळी नाटके होतात. आधीच्या मंडळीने आपले नेपथ्य उचलून मंच मोकळा करायचा आणि पुढच्यांनी काही मिनिटांत आपले लावून प्रेक्षक आत घ्यायचे. ‘ऑफ’मध्ये एकपात्री आणि दोन-तीन पात्रांची नाटके एवढी का दिसतात, नेपथ्य दोन खुर्च्या आणि एका पेटीत का आटोपते, नाटके सव्वा तासातच का संपतात, या सगळ्याचे उत्तर कलाविचारात शोधायला जाऊ नये. ते भाडेकरारात आहे.

हे भाडे मंडळी स्वतः भरते आणि ते अनेक हजार युरोंत जाते. त्यावर कलाकारांच्या राहण्याचा खर्च येतो, आणि जुलैत तटबंदीच्या आतल्या एका खोलीचे भाडे किती चढते हे सांगायला नको. प्रवास, जाहिरातीचे फलक, पत्रके, तंत्रज्ञाचे पैसे हे वेगळेच. लहान नाट्यगृहात पन्नास किंवा शंभर खुर्च्या असतात. त्या रोज भरल्या तरी सगळा खर्च तिकिटांतून निघेलच असे नाही, आणि दीड हजार नाटकांच्या गर्दीत त्या रोज भरत नाहीत. मग मंडळी येतात तरी कशाला? उत्तर असे की ‘ऑफ’ हा प्रेक्षकांसाठी महोत्सव असला तरी कलाकारांसाठी तो बाजार आहे. फ्रान्समध्ये लहानमोठ्या गावांतही नगरपालिकेचे नाट्यगृह असते, त्याचा हंगाम साधारण सप्टेंबर ते जून असतो आणि हंगामात कोणती नाटके लावायची हे ठरवण्यासाठी पगारी कार्यक्रम-निवडकार असतात. असे हजारो निवडकार जुलैत आव्हिन्योंला येतात, दिवसाला चार-पाच नाटके पाहतात आणि आवडलेल्या नाटकाचे प्रयोग ठरावीक रकमेला विकत घेतात. आपल्याकडे संस्था किंवा ठेकेदार जसा नाटकाचा ‘कॉन्ट्रॅक्ट शो’ घेतो, ठरलेली रक्कम निर्मात्याला देतो आणि तिकीटविक्रीचा नफातोटा स्वतःकडे ठेवतो, तसाच हा व्यवहार आहे. एखाद्या मंडळीला आव्हिन्योंत तोटा आला, पण पुढच्या दोन वर्षांसाठी तीस-चाळीस प्रयोग विकले गेले, तर तो तोटा गुंतवणूक ठरतो. प्रयोग विकले गेले नाहीत तर तो निव्वळ तोटाच राहतो आणि तो पूर्णपणे कलाकारांच्या माथी येतो.

म्हणूनच जुलैतल्या आव्हिन्योंचे रस्ते तसे दिसतात. दिव्याचे खांब, जाळ्या, कठडे, जिथे दोरी बांधता येईल तिथे पुठ्ठ्यावर चिकटवलेले नाटकांचे फलक एकावर एक लटकत असतात. कडक उन्हात पूर्ण रंगभूषा करून, पोशाख चढवून नट चौकाचौकांत पत्रके वाटतात, गाणी म्हणतात, नाटकातला एखादा तुकडा करून दाखवतात. हे दृश्य मोठे मौजेचे असते, पर्यटकांच्या छायाचित्रांत ते हमखास येते, आणि त्यामागचा घाम आर्थिक आहे हे छायाचित्रांत दिसत नाही. या अनागोंदीला थोडी शिस्त आणण्यासाठी १९८२ पासून ‘ऑफ’ची एक संघटना झाली, आज कार्यक्रमपत्रिका छापणे, सवलतीचे प्रेक्षक-कार्ड देणे, निवडकारांची सोय पाहणे ही कामे अशी संघटना करते. कलाकारांना रीतसर मोबदला मिळावा यासाठी मदतनिधीसारखे उपायही झाले आहेत. पण कोण येणार हे संघटना ठरवत नाही. ज्याला जागा भाड्याने मिळाली तो ‘ऑफ’मध्ये आला. हे खुलेपण ‘ऑफ’चा अभिमान आहे, आणि खुल्या दाराशी भाड्याची पावती फाडावी लागते हे त्याचे दुखणे.

‘इन’ची तऱ्हा याच्या नेमकी उलट. इथे संचालक कलाकाराला बोलावतो, त्याच्या निर्मितीत महोत्सव स्वतः पैसे घालतो आणि युरोपातली इतर नाट्यगृहे व महोत्सव सहनिर्माते म्हणून भागीदार होतात. नाटक पुष्कळदा आव्हिन्योंमध्ये पहिल्यांदाच उभे राहते आणि तिथून या भागीदारांच्या मंचांवर दौऱ्याला निघते. १९८० पासून महोत्सव एका ना-नफा संस्थेच्या स्वरूपात चालतो. तिच्या कारभारात फ्रेंच सरकार, शहर, जिल्हा आणि प्रांत हे सगळे सहभागी आहेत आणि खर्चाचा मोठा वाटा तेच अनुदानातून उचलतात. त्यामुळे नाटक पडले तर कलाकाराचे नाव खराब होते, समीक्षक झोडपतात, पण त्याच्या घरावर जप्ती येत नाही. या एका सुरक्षिततेमुळे ‘इन’मध्ये अशा गोष्टी घडू शकतात ज्या तिकीटबारीच्या हिशेबात कधीच बसल्या नसत्या. १९८७ मध्ये आंत्वान व्हितेज यांनी क्लोदेलचे एक अतिदीर्घ नाटक चौकात रात्रभर, पहाट होईपर्यंत केले. १९९५ मध्ये ऑलिव्हिए पी यांनी २४ तास चालणारी नाट्यमालिका सादर केली. २०१४ मध्ये तोमा जोली यांनी शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’चा १८ तासांचा प्रयोग केला आणि लोक उशा-पांघरुणे घेऊन बसले. लांबी म्हणजे गुण नव्हे, हे खरे. या प्रयोगांतला काही भाग कंटाळवाणा असणार याविषयी मला शंका नाही. पण कंटाळा येण्याचा धोका पत्करण्याची मुभा कलाकाराला असणे, हीच तर सार्वजनिक पैशाने विकत घेतलेली वस्तू आहे.

या मोठ्या प्रयोगांपैकी एकाचा आपल्याशी थेट संबंध आहे. जुलै १९८५ मध्ये इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी आव्हिन्योंपासून काही अंतरावर, बुलबाँ गावाजवळच्या दगडाच्या खाणीत महाभारत उभे केले. लेखन ज्याँ-क्लोद कारिएर यांचे, भाषा फ्रेंच, नट अनेक देशांचे. द्रौपदीची भूमिका मल्लिका साराभाई यांनी केली. द्यूत, वनवास आणि युद्ध असे तीन भाग होते आणि एकूण लांबी सुमारे नऊ तासांची. तिन्ही भाग वेगवेगळ्या संध्याकाळी पाहता येत, पण काही रात्री सलग प्रयोगही झाले, जे सूर्यास्ताच्या सुमारास सुरू होऊन उजाडेपर्यंत चालत. खाणीचा उभा कडा, माती, पाणी आणि आग एवढेच नेपथ्य होते. युरोपात या प्रयोगाला दंतकथेचे स्थान मिळाले. भारतात मात्र त्यावर कठोर टीका झाली. महाकाव्य त्याच्या मातीतून, धर्मविचारातून आणि जिवंत परंपरेतून उपटून ‘सार्वत्रिक’ गोष्ट म्हणून मांडले, असा रुस्तम भरुचा यांच्यासारख्या अभ्यासकांचा आक्षेप होता. मला हा आक्षेप पूर्णपणे उडवून लावता येत नाही. कीर्तनातून, दशावतारातून, आजीच्या तोंडून ज्याला महाभारत भेटले त्याला नऊ तासांतही बरेच काही गळलेले दिसणार. तरीही एक नोंद करायला हवी की परभाषेतल्या एका महाकाव्यासाठी खाणीत नाट्यगृह उभारण्याचा धोका ‘इन’सारख्या व्यवस्थेनेच घेतला, ‘ऑफ’च्या सव्वा तासात द्यूतसभासुद्धा पुरी झाली नसती. ती खाण नंतर काही वर्षे महोत्सवाने वापरली नव्हती. २०२३ मध्ये ती पुन्हा उघडली.

दोन्ही महोत्सवांना जोडणारा आणि दोघांनाही एकदम आडवा करू शकणारा एक धागा आहे, तो म्हणजे फ्रान्समधला अधूनमधून काम करणाऱ्या कलाकारांचा बेकारी-विमा. नट, नर्तक, प्रकाशयोजनाकार, ध्वनितंत्रज्ञ यांना कायमची नोकरी क्वचितच असते. आठवडाभराचे काम, मग महिनाभर काही नाही, असेच त्यांचे वर्ष जाते. फ्रान्समध्ये अशा कलाकाराने ठरलेल्या मुदतीत ५०७ तासांचे रीतसर काम दाखवले तर मधल्या रिकाम्या दिवसांचा भत्ता त्याला मिळतो. या भत्त्यामुळेच तालमीला, लिहायला, नवे नाटक बसवायला वेळ उरतो. म्हणजे ‘ऑफ’मधल्या मंडळीचा धोकासुद्धा सगळा खाजगी नसतो, त्याचा एक हिस्सा हा विमा न बोलता उचलत असतो. २००३ च्या जूनमध्ये मालकांच्या आणि काही कामगारांच्या संघटनांनी नवा करार केला, त्यानुसार ५०७ तास भरण्याची मुदत १२ महिन्यांवरून तंत्रज्ञांसाठी १० आणि कलाकारांसाठी साडेदहा महिन्यांवर आली आणि भत्ता मिळण्याचा काळही कमी झाला. उन्हाळी महोत्सव तोंडावर होते. देशभर संप झाला आणि १० जुलैला संचालक बेर्नार फेव्र दार्सिए यांना ‘इन’ रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले. १९४७ नंतर असे कधी घडले नव्हते. ‘ऑफ’मध्ये मात्र दुफळी झाली. काहींनी संप केला, काहींनी प्रयोग चालू ठेवले. यात कोणाला फितूर ठरवणे सोपे असले तरी न्याय्य नाही. ‘इन’मधल्या कलाकाराचा प्रयोग रद्द झाला तर त्याचे नुकसान मोठ्या संस्था वाटून घेतात, ‘ऑफ’मधल्या मंडळीने जागेचे भाडे आधीच भरलेले असते आणि ते परत मिळत नाही. १२ महिन्यांची मुदत २०१६ मध्ये परत आली. करोनामुळे २०२० चा जुलै दोन्ही महोत्सवांना गमवावा लागला, त्या वेळी संपाचा प्रश्न नव्हता, पण धोक्याची विभागणी तीच होती.

‘इन’ला सार्वजनिक पैसा मिळतो म्हणूनच त्याच्यावर सार्वजनिक भांडणेही होतात. २००५ मध्ये बेल्जियमचे यान फाब्र हे त्या वर्षीचे सहयोगी कलाकार, म्हणजे संचालकांच्या जोडीने कार्यक्रम आखणारे पाहुणे कलाकार, होते. शब्दांपेक्षा देह, प्रतिमा आणि धक्का यांवर भर देणाऱ्या प्रयोगांचा त्या वर्षी एवढा मारा झाला की ‘ही व्हिलारची रंगभूमी आहे का, संहिता गेली कुठे’ असा वाद वर्तमानपत्रांत महिनाभर पेटला होता. सध्याचे संचालक तियागो रॉद्रिगेश हे पोर्तुगीज नाटककार आणि दिग्दर्शक आहेत; २०२३ पासून महोत्सव ते पाहतात आणि या पदावर आलेले ते पहिलेच परदेशी. ज्या शहरात सालाझारचे नाव शिवी म्हणून वापरले गेले त्याच शहराने लिस्बनच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा प्रमुख बोलावून आणला, याची मला गंमत वाटते. त्यांनी दर वर्षी एका भाषेला पाहुणी म्हणून बोलावण्याची प्रथा घातली : २०२३ मध्ये इंग्रजी, २०२४ मध्ये स्पॅनिश, २०२५ मध्ये अरबी. अरबीच्या निवडीवर फ्रान्सच्या राजकीय वातावरणात चर्चा होणार हे उघड होते आणि ती झालीही.

शहराच्या बाजूने पाहिले तर हिशेब सरळ नाही. हॉटेले, खानावळी आणि घरमालक यांची वर्षाची मोठी कमाई जुलैत होते, आणि नाट्यगृहांच्या अनेक जागाही केवळ त्या महिन्यापुरत्या नफ्यासाठी उघडतात. तटबंदीबाहेरच्या वस्त्यांतले, उत्पन्न कमी असलेले रहिवासी मात्र आपल्याच गावच्या या मेळ्यापासून दूर राहतात, ही तक्रार जुनी आहे. तटबंदीबाहेर मोंक्लार भागात २०१३ मध्ये ‘फाब्रिका’ नावाची तालमींची आणि प्रयोगांची इमारत उभारली गेली, ती अंशतः या तक्रारीचे उत्तर म्हणून. चौकाएवढाच मंच, भोवती कलाकारांच्या राहण्याच्या खोल्या आणि आसपास शाळा व वसाहती. एका इमारतीने सामाजिक दरी भरत नाही, पण वर्षभर तालमी चालू असलेली जागा शेजारी असणे आणि फक्त जुलैत बाहेरून आलेली गर्दी पाहणे यांत फरक आहे.

मराठी नाट्यवेड्या वाचकाला तिथे जायचे असेल तर वर सांगितलेल्या अर्थकारणातूनच काही व्यवहारी सूचना निघतात. ‘इन’ची तिकिटे वसंतातच विक्रीला येतात आणि चौकातल्या सुमारे दोन हजार खुर्च्याही गाजणाऱ्या नाटकांसाठी लवकर संपतात, म्हणून ती आधी काढावीत. तिथे बऱ्याच प्रयोगांना इंग्रजी उपशीर्षके असतात. नृत्याला भाषेची अडचण नाहीच. नाव ऐकलेले नसले तरी जावे आणि निराश होण्याची तयारी ठेवावी, कारण अनेकदा तो प्रयोग त्या आठवड्यात जगात पहिल्यांदाच होत असतो. ‘ऑफ’साठी मात्र आधीपासून यादी करून उपयोग नाही, फ्रेंच येत नसेल तर मूकाभिनय, कळसूत्री बाहुल्या, सर्कस आणि संगीतप्रधान नाटके शोधावीत, आणि आदल्या दिवशी लोक कशाबद्दल बोलत आहेत ते ऐकून ठरवावे. मंडळी आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेतात, तो दिवस पत्रकावर छापलेला असतो, तेवढा पाहून घ्यावा. आणि रस्त्यात पत्रक देणाऱ्याला टाळून पुढे जाऊ नये. तो पुष्कळदा त्या नाटकातला नट किंवा दिग्दर्शक असतो, दोन मिनिटांत नाटक कशाविषयी आहे ते सांगू शकतो, आणि त्याचा प्रयोग बहुधा तासाभरात असतो.